पाचर

आमचा स्टुडिओ फरशीच्या दुकानाखालच्या तळघरात आहे. वर दिवसभर फरश्या कापतात, त्यामुळे खाली आम्ही कितीही लोखंड बडवलं तरी कुणी तक्रार घेऊन येत नाही. आम्ही म्हणजे तिघं. वहिनी कीबोर्ड वाजवते, भोंग्या गातो आणि मी यंत्रांचे आवाज गोळा करून त्यांचा ताल बांधतो. या प्रकाराला इंडस्ट्रियल रॉक म्हणतात. माझी आई त्याला भंगार म्हणते आणि प्रत्येक कार्यक्रमाला कानांत कापूस घालून पहिल्या रांगेत बसते.

ताल कॉम्प्युटरवर बनवायचा नाही, हा नियम माझ्या दादाचा. खऱ्या यंत्रापुढे जायचं, कामगार उभे राहतात तिथे डावीकडे एक आणि उजवीकडे एक माइक लावायचा आणि मिळेल तो आवाज घेऊन यायचं. बँड त्यानेच काढला होता, कारखान्यातल्या जोडीदाराला, म्हणजे भोंग्याला, बरोबर घेऊन. दादा गेला, पण नियम आम्ही मोडला नव्हता.

दोघं पत्र्याच्या कारखान्यात एकाच प्रेसवर होते. डावीकडे दादा, उजवीकडे भोंग्या. दोघांपुढे एकेक बटण, आणि दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार. पत्रा सरकवून झाला की दादा टाळूवर जीभ वाजवायचा आणि विचारायचा, "हं?" पलीकडून भोंग्या म्हणायचा, "हो." मग ठोका. ही सवय दादाला इतकी लागली होती की घरी पंखा लावतानाही तो वहिनीकडे बघून "हं?" करायचा, आणि तिचा "हो" आल्याशिवाय पंखा लागायचा नाही.

एके दिवशी भोंग्या तेलाचा डबा आणायला गेला. तेवढ्यात दादाने भोंग्याचं बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यात लाकडाची पाचर ठोकली आणि एकट्यानेच काम चालू ठेवलं. हात आत राहिला. दवाखाना गाठेपर्यंत अंगात रक्त उरलं नव्हतं. उजव्या बटणातली पाचर सगळ्यांनी पाहिली. घाई नडली, स्वतःच्या हाताने गेला, असं लोक म्हणाले, आणि हळूहळू आम्हीही तेच म्हणू लागलो. आई अजून त्याच्या फोटोशी भांडते.

त्यानंतर घर सावरलं ते भोंग्याने. आईचे गुडघे दुखले की भोंग्या, नळ गळला की भोंग्या. आईनेच शेवटी वहिनीजवळ विषय काढला, आणि सिनेमाचं काम संपलं की दोघांनी लग्न करायचं ठरलं. सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोकांनी मला पोटदुखी होती असं म्हटलं.

सिनेमा एका बंद पडलेल्या कारखान्यावर होता. दिग्दर्शकाला शेवटच्या नामावलीसाठी आमचं गाणं हवं होतं. "मला लोखंडाचा श्वास ऐकू यायला हवा," तो म्हणाला.

"लोखंडाला सर्दी असली तर चालेल ना?" भोंग्याने विचारलं. दिग्दर्शक हसला आणि काम आम्हाला मिळालं.

बाटल्यांची झाकणं पाडणाऱ्या एका कारखान्यात मी प्रेस रेकॉर्ड केली. सगळं आपोआप चालणारं, काचेच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत ती ऐकायला बसलो. ठोका चांगला होता, भरीव आणि कोरडा. दोन ठोक्यांच्या मधे काहीतरी बारीक होतं. आवाज वाढवला. डावीकडून टाळूवर जीभ वाजली. "हं?" उजवीकडून "हो." मग ठोका.

मी कारखान्यात परत गेलो. तिथला सुपरवायझर म्हणाला, "अहो, आत माणूस शिरला की मशीन आपोआप बंद पडतं. तुमच्या माइकला ताप आला असेल."

मग मी छापखान्यातलं कागद कापायचं यंत्र रेकॉर्ड केलं. त्यातही तेच. यंत्र जेमतेम हातभर रुंद, पण ते दोन आवाज दोन माणसं ऐसपैस उभी राहतील इतक्या अंतरावरून येत होते. माणसाच्या आवाजाचा पट्टाच मी पूर्ण कापून टाकला. यंत्राचा आवाज दबका झाला, ते दोन आवाज मात्र होते तसेच राहिले.

भोंग्याला ऐकवलं. त्याने हेडफोन लगेच काढला.

"काढून टाक ते."

"निघत नाहीये."

"मग दुसरं यंत्र बघ." तो चपला घालून वर गेला. माझ्या मनात एवढंच राहिलं की आवाज कुणाचा, हे त्याने विचारलं नाही.

वहिनी दुपारी आली. मी काही न सांगता तिच्या हातात हेडफोन दिला. तिने डोळे मिटून ऐकलं.

"भावोजी, हे कुठे मिळालं?"

"झाकणांच्या कारखान्यात."

"ती जीभ..." तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबला. "आणि हा 'हो' कुणाचा?"

मी माहीत नाही म्हणालो. मला माहीत होतं. भोंग्या गाताना प्रत्येक ओळीआधी नाकाने श्वास घेतो आणि तो श्वास मी प्रत्येक गाण्यातून हाताने कापत आलोय. या 'हो'च्या आधी तो होता.

तरीही मी स्वतःची समजूत घालत होतो. दोघं रोज एका यंत्रावर असायचे, तेव्हा आवाजही दोघांचे असणार. कुठून आले ते कळत नाही, पण त्यात वाईट काय? मग एका सकाळी लक्षात आलं की प्रेसचं रेकॉर्डिंग लांबलंय. जिथे मी माइक बंद केले होते, त्याच्या पुढेही ते चालू होतं.

वर फरशी कापायचं यंत्र कुरकुरत होतं. झरोक्यातून ऊन टेबलावर आलं होतं. मी ऐकत राहिलो.

डावीकडून दादा म्हणाला, "थांब. पत्रा अडकलाय."

उजवीकडे नाकाने घेतलेला श्वास.

"हो."

ठोका पडला.

दादा ओरडला नाही. नुसतं "अरे" म्हणाला, गर्दीत कुणी पायावर पाय दिल्यावर म्हणावं तसं.

मग पावलं. उजवीकडून डावीकडे.

लाकूड ओढून काढल्याचा आवाज डावीकडे झाला.

पावलं परत उजवीकडे गेली. लाकूड ठोकल्याचा आवाज आला, हलक्या हाताने, नीट बसेपर्यंत. मधे दादा परत एकदा "अरे" म्हणाला.

त्यानंतर भोंग्या ओरडला, "धावा, धावा!"

मी हेडफोन काढला. पाचर दादाच्या बटणात होती. दोन्ही हात पत्र्याला मोकळे राहावेत आणि काम भराभर उरकावं म्हणून दोघांनी मिळून केलेली ती युक्ती. ठोका एकट्या भोंग्याच्या बोटावर होता आणि 'हं?' आणि 'हो' एवढीच काय ती राखण. भोंग्या तेल आणायला गेलाच नव्हता. चूक होते माणसाच्या हातून, ती मी गिळली असती. पण दादाचं रक्त जात असताना त्याने आधी पाचर हलवली आणि मग हाक मारली. आणि आम्ही त्याला घरात मानाच्या पाटावर बसवलं.

दोघांना बोलावून मी ते ऐकवलं. भोंग्या शेवटपर्यंत खाली बघत होता. मग माझ्याकडे नाही, वहिनीकडे बघून बोलला.

"आवाज कापून चिकटवणं हाच याचा धंदा आहे. माझे 'हो' याच्याकडे पोत्याने पडलेत."

"आणि दादाचा आवाज?" मी विचारलं.

"सख्खा भाऊ ना तू? सारखाच लागणार."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी जे पोटासाठी करतो, तेच माझ्याविरुद्ध साक्षीला उभं होतं. संध्याकाळी आई म्हणाली, "तिचं कुठे मार्गी लागतंय रे. तू मधे पाचर मारू नकोस." आपण काय बोललो हे तिला कळलं नाही.

भोंग्याने गाणं उचलून दुसऱ्या स्टुडिओत नेलं. ताल कॉम्प्युटरवर बनवला, एकाही यंत्राजवळ न जाता. माझं नाव गेलं. कीबोर्ड वहिनीनेच वाजवला, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. भोंग्याने फसवलं ते दादाला आणि मला. पण तिनेही मला खोटं ठरवलं, आणि घरात रडायलासुद्धा माणूस उरलं नाही.

सिनेमात काम केलेल्यांसाठी दुपारचा खेळ ठेवला होता. बोलावणं जुन्या यादीवरून आलं असावं, पण मी गेलो. भोंग्या आणि वहिनी माझ्या पुढच्याच रांगेत होते. ती त्याच्या डावीकडे. दोघांच्या मधल्या दांड्यावर तिचा हात आणि त्यावर त्याचा. नामावली सुरू झाली आणि गाणं आलं. ताल गुळगुळीत होता, कुठे खरचटत नव्हता.

दुसरं कडवं संपलं तेव्हा डावीकडच्या स्पीकरमधून जीभ वाजली.

"हं?"

उजवीकडून काही आलं नाही. गाणं थांबलं. पडद्यावरची नावं मुकाट वर सरकत राहिली. लोकांना ती गाण्यातलीच खुबी वाटली असावी.

"हं?"

भोंग्याने नाकाने श्वास घेतला आणि भर थिएटरात, मोकळ्या आवाजात म्हणाला, "हो."

ठोका पडला. गाणं पुढे सरकलं आणि पुन्हा अडलं.

"हं?"

"हो."

दिग्दर्शक मागे वळून हसला. गायकाची गंमत चाललीय असं त्याला वाटलं. भोंग्याने मोकळा हात तोंडावर दाबून धरला होता. 'हो' त्या हाताखालून येत राहिला आणि प्रत्येक 'हो'ला ठोका पडत राहिला.

वहिनीने त्याच्या हाताखालून आपला हात काढून घेतला. सावकाश, एकेक बोट. ती उठली, रांगेच्या टोकाकडून वळून माझ्या रांगेत आली.

"भावोजी, सरका," ती म्हणाली. मी सरकलो. तिने माझा दंड धरला आणि सोडला नाही.

नामावली संपली. दिवे लागले, पडदा पांढरा झाला, स्पीकर बंद झाल्याचा खट आवाज आला. लोक बोलत बोलत बाहेर गेले. भोंग्या जागचा हलला नाही. त्याच्या डावीकडची खुर्ची आमच्या अगदी पुढ्यात होती, वहिनी उठल्यावर तिची बैठक वर मिटली होती.

ती आता उघडी होती.

तिथे टाळूवर जीभ वाजली. भोंग्याने नाकाने श्वास घेतला.