त्या दुपारी डहाळी कोणी आणली?

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर मे महिन्यात चंद्रपूरला या आणि भर दुपारी मूल गावाकडे जाणाऱ्या रोडवर एकटे उभे राहून दाखवा. मग आपण बोलू.

आणि हो, यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. भूतं रात्रीच निघतात हे कोणी ठरवलं, मला माहीत नाही. आमच्याकडे मे महिन्यातल्या दुपारी जेवढा शुकशुकाट असतो, तेवढा रात्रीही नसतो.

दोन उन्हाळ्यांमागची गोष्ट.

चंद्रपूर ज्यांनी पाहिलंय त्यांना जटपुरा गेटची गर्दी सांगायला नको. दरवाजा राजाच्या काळातला आणि गाड्या आजच्या. त्यात कोळशाचे ट्रक शहरातल्या रस्त्यांवर आले की संपलंच. ही कोंडी फोडायला शहराच्या आतले-बाहेरचे मोठे रस्ते चौपदरी करायचं काम निघालं होतं. मूल रोडवर जंगल सुरू होतं तिथला तुकडाही त्यात होता.

त्या तुकड्यावर मी झेंडी दाखवायचं काम करायचो. मी शहराच्या बाजूला. माझी मोठी बहीण दिव्यानी जंगलाच्या बाजूला. मधला रस्ता अर्धा खोदलेला, त्यामुळे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायच्या. मध्ये मोठं वळण. मला ताई दिसायची नाही, तिला मी दिसायचो नाही. मोबाइलला रेंज नाही. वॉकीटॉकी दिले होते, ते उन्हानं आठवड्यातच मेले.

म्हणून मुकादमानं जुनी पद्धत काढली. पळसाची एक डहाळी.

ताई तिच्याकडच्या गाड्या सोडायची आणि शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात डहाळी द्यायची. तो ती मला आणून द्यायचा. डहाळी आली म्हणजे रस्ता रिकामा. मग मी माझ्या बाजूच्या गाड्या सोडायचो आणि शेवटच्याबरोबर डहाळी परत पाठवायचो. ज्याच्या हातात डहाळी, त्याची बाजू सुरू. इतकं साधं.

ताईनं तिला लाल चिंधी बांधली होती. ओळखू यावी म्हणून.

आता त्या वळणाबद्दल सांगतो.

तिथल्या नाल्यावरच्या मोरीजवळ फार वर्षांपूर्वी सोनीबाई नावाच्या बाईला वाघानं नेलं. मोहफुलं वेचत होती बिचारी. आमच्याकडे अशा जागेवरून जाणारा माणूस एक डहाळी नाहीतर दगड टाकतो. सायकलवाला उतरून टाकतो. ऑटोवाला चालत्या ऑटोतून टाकतो. टाकून टाकून तिथं कमरेएवढा ढीग झाला होता.

रुंदीकरणात जेसीबीनं तो ढीग एका सकाळी उचलला. टिप्परमध्ये भरला. कुठं नेला, कोणी विचारलं नाही. मीही नाही. खाली मुरूम पसरला, वर रोलर फिरला. जागा सपाट.

त्यानंतर तिथं कोणी काही टाकायचं बंद झालं. ढीगच नाही, तर टाकणार कशावर?

त्या दिवशी ऊन असं होतं की झेंडीचा दांडाही हाताला चटका द्यायचा.

आमची आई, कमळाबाई, रोज दुपारी गावाहून डबे घेऊन यायची. गाव जंगलाच्या बाजूला. आधी ताईचा डबा द्यायची, मग माझ्याकडे यायची. नेहमी देवरावभाऊच्या ऑटोतून. देवरावभाऊ आमच्याच गावचा, बोलायला लागला की थांबायचा नाही.

ताईच्या बाजूच्या गाड्या यायला लागल्या. एसटी आली. दोन-तीन मोटरसायकली आल्या. एक भाजीचा पिकअप आला. पिकअपवाला ओरडून गेला, "मागं ऑटो हाय, डहाळी त्याच्यापाशी हाय!"

म्हणजे देवरावभाऊ. म्हणजे आई. म्हणजे माझा डबा. मी खुश.

पण ऑटो येईना.

माझ्यामागे कोळशाच्या टिप्परांची रांग लागली होती. पुढच्या टिप्परवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना. मी झेंडी आडवी धरून उभा.

"काऊन बे, झोपला का?" तो ओरडला.

"डहाळी नाई आली अजून!"

"डहाळी गेली खड्ड्यात! माणसं भाजून राह्यली इथी!"

आणि मग...

हॉर्न थांबला.

एकाचा नाही. सगळ्यांचे थांबले. झाडांवरची पाखरं गप्प झाली. रोलर दूर कुठंतरी चालू होता, त्याचाही आवाज येईना. कानात बोटं घातल्यासारखं झालं.

वळणावरून एक बाई चालत येत होती.

गुडघ्यापर्यंत लुगडं. डोक्यावर टोपली. पाय अनवाणी... त्या तापलेल्या डांबरावर. मला वाटलं, ऑटो बंद पडला असेल आणि देवरावभाऊनं कोणाच्या तरी हातून डहाळी पाठवली असेल. यात वावगं काही नव्हतं. आमच्याकडे कोणीही कोणाच्याही हातून काहीही पाठवतं.

ती जवळ आली. तोंड पदरात होतं. तिनं हात पुढं केला.

डहाळी.

"रस्ता खाली हाय," ती म्हणाली.

मी डहाळी घेतली. झेंडी खाली केली. पहिला टिप्पर धूळ उडवत सुटला.

आणि तेव्हा मला वास आला.

मोहफुलांचा.

मे महिना संपत आला होता. मोह कधीच गळून गेला होता. मी हातातल्या डहाळीकडे पाहिलं. आमची डहाळी उन्हानं सुकून तपकिरी झाली होती. ही हिरवीगार होती. आत्ताच तोडल्यासारखी.

हिला लाल चिंधी नव्हती.

मी मान वर केली. रस्त्यावर कोणी नव्हतं...

मी दुसऱ्या टिप्परसमोर झेंडी फेकली आणि पळत सुटलो. "थांब! थांब!" ओरडत होतो. पहिला टिप्पर वळणाआड गेला होता. आई त्या रस्त्यावर होती. मीच तिच्या अंगावर टिप्पर सोडला होता.

मग ब्रेकचा आवाज आला. लांबच लांब.

मग पत्रा चेपल्याचा.

वळणापर्यंत कसा पोचलो, आठवत नाही. मोरीजवळ ऑटो आडवा पडला होता. ऑटो कसला, नुसता चेपलेला डबा. टिप्परवाला खाली उतरून डोक्याला हात लावून बसला होता.

"आई!"

"इथी हाओ रे बाबू."

ती रस्त्याच्या कडेला, तेंदूच्या झाडाखाली बसली होती. मांडीवर माझा डबा. शेजारी देवरावभाऊ. दोघांना ओरखडाही नव्हता.

मी आईला धरून रडलो. एवढा मोठा माणूस, सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.

ताईही तिकडून पळत आली. आवाज तिच्यापर्यंत गेला होता. "डहाळी तं देवरावभाऊपाशी दिली होती मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

देवरावभाऊनं मोरीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "टाकली ना जी मी."

"काय टाकली?"

"डहाळी. सोनीबाईच्या जाग्यावर. लहानपणापासून टाकतो आपण. हातात डहाळी होती, जागा आली, हात आपोआप गेला. मंग ध्यानात आलं, अरे, हे तं झेंडीवाल्याची! गाडी थांबवली, तं बंदच पडली. किती किक मारल्या, चालूच होईना."

"मंग खाली काऊन उतरले तुम्ही?" मी विचारलं.

उत्तर आईनं दिलं.

"एक बाई आली. म्हणाली, 'बाई, उतरा, गाडी येऊन राह्यली.' मी म्हटलं, डहाळीबिगर गाडी कशी येईल? तं म्हणते, 'येईल. मी चाल्ली सांगाले.'"

ऑटोच्या चाकाजवळ, सपाट केलेल्या मुरुमावर, आमची सुकलेली डहाळी पडली होती. लाल चिंधीसकट.

माझ्या हातातली हिरवी डहाळी कधी गळून पडली, कळलं नाही. नंतर सगळा रस्ता शोधला. मिळाली नाही.

टिप्परवाल्याला मी विचारलं, "त्या बाईले तू पाहिलं ना? मले डहाळी देताना?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला.

"कोन्ती बाई? तूच तं खाली वाकला अन् रस्त्यावरून डहाळी उचलली. मले वाटलं, तुले ऊन लागलं."

मी दुसऱ्याच दिवशी ते काम सोडलं. ताईलाही सोडायला लावलं.

आई म्हणते, देवरावनं डहाळी टाकली म्हणून सोनीबाईनं दोघांना वाचवलं. असेल. पण मग टिप्पर सोडायला मला डहाळी कशाला आणून दिली? वाचवायचं होतं तर ऑटो बंद कशाला पाडला? मी यावर खूप डोकं फोडलं. एवढंच कळतं की मी रोज त्या जागेवरून जायचो आणि ढीग गेल्यापासून एकदाही काही टाकलं नव्हतं. इतकी वर्षं लोक तिला डहाळी देत आले. मला मात्र तिनं उलट हातात दिली.

आता रस्ता पूर्ण झालाय. चौपदरी, गुळगुळीत. मध्ये कण्हेरीची झाडं, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. शहरातली कोंडी कमी झाली, लोक खुश आहेत. मीही तारीफ करतो. खोटं कशाला बोलू? पण तिथं आता कोणाला थांबता येत नाही. ती जागा नेमकी गाड्या पळतात त्या पट्ट्याखाली गेली आहे.

गेल्या आठवड्यात आईला चंद्रपूरला दवाखान्यात नेत होतो. मोटरसायकलवर. दुपारची वेळ, रस्ता रिकामा. वळण आलं तसं आईनं मागून विचारलं,

"प्रणित, ते बाई हात काऊन दाखवून राह्यली?"

मला समोर कोणीच दिसत नव्हतं.

मी गाडी थांबवली. मधल्या कण्हेरीची एक डहाळी तोडली, त्या पट्ट्यावर टाकली, हात जोडले. मग जोरात गाडी काढली. मागे पाहिलं नाही. माझी हिंमत नव्हती.

आईनं पाहिलं.

मग तिनं माझा खांदा घट्ट धरला.

"नाई घेतली रे तिनं," ती म्हणाली. "डहाळी वापस द्याले आपल्या मागं येऊन राह्यली."