वासाचा उपास

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली की पुढे संशोधनाची जागा मिळवायला त्या काळी नुसती हुशारी पुरत नसे, अर्जाला भयलेख जोडावा लागे. जनावराच्या रक्ताचा थेंब यंत्रात टाकला की ते कोणत्या वासांना भितं याची उतरती यादी मिळे, ती म्हणजे भयलेख. त्यातली प्रत्येक भीती त्या जनावरानं स्वतः अनुभवलेली असेच असं नाही. एखाद्या वासासोबत जबर दहशत बसली, तर जनुकांची अक्षरं तीच राहतात, पण त्यांतली कुठली मोठ्यानं वाचायची याच्या खुणा बदलतात. त्या खुणा पिल्लांना आणि नातवंडांनाही मिळतात.

म्हणून लांडगा पकडायला जाणारे विद्यार्थी आठ दिवस आधी ‘वासाचा उपास’ धरत. साबण नाही, तेल नाही, बामाची डबीसुद्धा जवळ नाही. तसं लिहून सही करावी लागे. शलाका दाभाडेनंही चार वर्षांपूर्वी, शिकत असताना, माणच्या माळावर कानतुटी नावाची मादी पकडली तेव्हा अशीच सही केली होती.

आज स्वतःच्या अर्जासाठी भयलेख घ्यायला ती त्याच माळावर, तळ्यापासून शंभर पावलांवर उभी होती. समोर लांडग्याची तीन पिल्लं मरून पडली होती. चौथं धुगधुगत होतं. त्याला तिनं चमच्यानं पाणी पाजलं आणि रक्ताचा एक थेंब घेतला.

“कानतुटीच्या लेकीची हायती,” धुळामामा म्हणाला. मामा मेंढपाळ. लांडगे कुठं राहतात हे विद्यापीठाला त्याच्याकडूनच कळायचं. “आई गाडीखाली गेली. वढा आटला. पर तळं हाय की भरल्यालं! हितवर आली आन थांबली. पान्यासाठी तडफडून मेली, फुडं पाय टाकला न्हाई. असं का, ताई?”

यंत्रावर यादी उमटली. वणवा तिसरा होता, बंदुकीची दारू दुसरी. पहिल्या ओळीत निलगिरी होती.

तळ्याभोवती वनखात्यानं लावलेली निलगिरीची झाडं वाऱ्यावर सळसळत होती. शलाका खाली बसली.

“मामा, कानतुटीला पकडलं तेव्हा तिच्या डोळ्यांवर काय बांधलं होतं, आठवतं?”

“तुमचा रुमाल. पट्टी जीपमदी ऱ्हायली व्हती न्हवं? मीच पाय धरलं व्हतं.”

“गुंगीचं औषध कमी पडलं होतं. पाऊण तास ती जागी होती, थरथरत होती. आणि त्या रुमालावर मी निलगिरीचं तेल टाकलं होतं.”

मामानं तळ्याकडं पाहिलं, मग पिल्लांकडं. त्यानं चिडावं, दोन शिव्या हासडाव्यात असं तिला फार वाटलं.

“सर्दी झाली व्हती तवा तुमास्नी,” तो हळूच म्हणाला. “लई शिंकत व्हता.”

त्या समजूतदारपणानं तिला रडू फुटलं. भीती कमी वाटावी म्हणून जनावराचे डोळे झाकायचे असतात, हे तिनंच मामाला शिकवलं होतं.

यादीतली निलगिरीची ओळ पुसायला एक बोट पुरलं असतं. त्या रुमालाची गोष्ट मामाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. तरी तिनं अहवालात सगळं लिहिलं: रुमाल, तेल, खोटी सही, तीन पिल्लं. आता जागा गेली हे धरूनच ती निवड समितीसमोर बसली. खरं सांगायचं तर शिक्षा मिळेल या विचारानं तिला जरा हायसंच वाटत होतं.

अध्यक्षा हेमांगी टिपणीस यांनी अहवाल दोनदा वाचला. त्यांचे डोळे चमकत होते.

“रानात, दोन पिढ्यांपर्यंत! हे आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही. खोट्या सहीबद्दल समज मिळेल, ती घ्या. पण जागा तुमचीच. आता हेच मुद्दाम करू. माद्या पकडायच्या, मेंढरांचा वास द्यायचा, धाक बसवायचा. पुढच्या पिढ्या कळपाजवळ फिरकणार नाहीत. लांडगेही वाचतील, मेंढपाळही.”

उत्तर द्यायला आठ दिवस होते. शलाका आधी माळावर गेली. निलगिरीची तोड सुरू झाली होती. वाचलेलं पिल्लू मामाच्या वाघरात, मेंढरांसाठी लावलेल्या जाळीच्या कुंपणात, एका कोपऱ्यात थाळीतलं पाणी पीत होतं. तिनं मामाला समितीचा बेत सांगितला.

“मेंढरं वाचतील म्हना की,” मामा खूश झाला. मग त्यानं पिल्लाच्या थाळीकडं पाहिलं. “पर ताई, उद्या बाकी समदं पानी आटलं आन ऱ्हायल्याल्या पान्यावर माजी मेंढरंच बसली असली, तर?”

हाच प्रश्न समितीला विचारायचा, असं परतीच्या वाटेवर तिनं मनाशी पक्कं केलं.

कार्यालयात नवा अर्ज तयार होता. ‘वासाचा उपास पाळला का?’ ही ओळ काढून टाकली होती. तिथं आता ‘कोणता वास द्यायचा?’ असं छापलं होतं. आठ दिवसांतले सहा अजून शिल्लक होते.

शलाकानं त्या ओळीपुढं ‘मेंढरू’ लिहिलं आणि त्याच दुपारी सही केली.