डाव्या खांद्यावरची पाकळी

श्रावणातली पहाट. सह्याद्रीच्या ऐन धारेवर, दोन घाटवाटांवर डोळा ठेवून बसलेला करंजगड धुक्यात असा बुडाला होता, की बालेकिल्ल्यावरच्या पहारेकऱ्याला आपल्याच हातातल्या भाल्याचं टोक दिसत नव्हतं. खाली करंजवाडीच्या माळावर वैशाखापासून तळ ठोकून बसलेल्या मोगली फौजेचे तंबू, हत्ती, तोफा, सारं त्या धुक्याखाली गडप झालं होतं. ऐकू येत होती ती फक्त नौबत, आणि तिच्यावरून एवढंच कळत होतं की खान अजून जायचं नाव काढत नाही.

गडाचा किल्लेदार म्हाकोजी दिघे त्या वेळी, रोजच्यासारखा, कडजाईच्या देवळात हात जोडून उभा होता. पश्चिमेच्या कड्यावर, जिथं पाऊल चुकलं तर माणूस थेट दरीच्या तळाला, तिथं हे काळ्या पाषाणाचं इवलंसं देऊळ होतं. म्हाकोजी भित्रा नव्हता. अंगावर सात जखमा मिरवणारा गडी होता. पण तलवारीच्या मुठीला हात घालण्याआधी तो देवीच्या मुखाकडे बघे. माणसाला पुढचं दिसत नाही, देवीला दिसतं, तेव्हा वाट तिलाच विचारावी, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. आणि बारा वर्षांच्या किल्लेदारीत कडजाईचा कौल घेतल्याविना त्यानं एकही मोठं काम केलं नव्हतं.

कौलाची रीत साधी होती. सटवाजी गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं तेरड्याची एकेक पाकळी चिकटवायची आणि किल्लेदारानं प्रश्न घालायचा. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि एक दंडक: एक प्रश्न एकदाच. तोच पुन्हा विचारणं म्हणजे देवीला खोटं पाडणं.

कौलानं गडाला कधी दगा दिला नव्हता, हेही खरं. ज्येष्ठात छावणीवर छापा घालायचं ठरत होतं, तेव्हा डावी पाकळी पडली, बेत रहित झाला, आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की त्या वाटेवर दोन हजार मोगल दबा धरून होते. गडावर देवीचा जयजयकार झाला. सरनोबत येल्होजी सकपाळही आदल्या दिवसापासून घसा कोरडा करून तेच सांगत होता, पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. माणसाच्या सांगण्याला पाकळीइतकं वजन कुठलं!

हा येल्होजी म्हणजे गडाच्या शिबंदीचा सरदार. म्हाकोजीचा लहानपणापासूनचा सोबती. सदरेवर त्याच्या डाव्या हाताला बसणारा, पाटाला पाट लावून जेवणारा. त्या सकाळी कौल लागला तो त्याच्याच नावावर.

झालं होतं असं. गडाच्या रसद-हिशेबाचा मुखत्यार हैबतराव सबनीस काखेत दोरांची एक शिडी घेऊन उजाडताच देवळात आला होता. ती पायरीवर टाकून तो हळहळत म्हणाला, "म्हाकोजीराव, जिभेला जड होतं, पण बोलणं भाग आहे. ही शिडी चोरदिंडीच्या पहाऱ्याच्या खोलीत सापडली. गवताखाली लपवलेली होती. पहारा कुणाचा, हे मी सांगायला नको."

चोरदिंडी म्हणजे तटातलं छुपं दार, आणि तिथला पहारा येल्होजीचा होता. त्याला बोलावणं गेलं. शिडी बघून तो दचकला नाही, आणि तेच त्याला भोवलं.

"व्हय, म्याच ठिवली ती," तो म्हणाला. "परवा तटाखाली झाडीत लोंबत व्हती. वरचं टोक आतनं बांधल्यालं. म्हंजी सोडणारा आपल्यातलाच हाय, दादा. त्यो परत हुडकाया यील तवा मुंडी धरावी म्हनून गप ऱ्हायलो."

"दोन दिवस गप राहिलात? आम्हांलाही सांगितलं नाहीत?"

"चुकलं. पर तुमी सदरंवर बोलला असता, नि सदरंला कान लई."

हैबतरावानं नुसता उसासा सोडला. म्हाकोजीला मात्र ते दोन दिवस खुपले. ज्याच्या भरवशावर निर्धास्त झोपावं त्यानं आपल्यापासून दोन दिवस गोष्ट लपवावी! त्याचं मन एकदा येल्होजीकडे धावे, एकदा शिडीकडे. अशा वेळी तो जे नेहमी करी तेच त्यानं केलं. तो देवीकडे वळला.

"सटवाजी, कौल लावा." आणि पदर पसरावा तसं उपरणं पसरून त्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई, मला दिसत नाही, तुला दिसतं. येल्होजी बेइमान झाला असेल तर उजवी दे. इमानी असेल तर डावी दे."

घंटेचा नाद विरला. गाभाऱ्यात पाण्याचे थेंब ठिबकत होते. येल्होजी ताठ उभा होता. देवीवर त्याचाही भरवसा होताच की. आणि उजवी पाकळी हलली, सुटली, देवीच्या पायाशी पडली. डावी जागची ढळली नाही.

म्हाकोजीचा चेहरा राखेसारखा झाला. फितुरीला गडावर शिक्षा एकच, कडेलोट, आणि कडा तर देवळाच्या दारातच होता.

हात बांधू लागले तेव्हा येल्होजी म्हणाला, "दादा, येक मागनं. पुन्यांदा कौल लावा. तुमच्या हातानं. नुस्तं पानी नि पाकळी."

हो म्हणावंसं म्हाकोजीला वाटलं. इतकं वाटलं की त्याला त्या वाटण्याचीच भीती वाटली. मायेपायी देवीवर अविश्वास दाखवणं म्हणजे तीनशे माणसांचा गड बुडवणं. "देवीला दोनदा विचारत नाहीत, येल्होजी," तो म्हणाला, "हे तुम्हांला ठाऊक आहे."

"ठाव हाय. मंग तुमच्यावर बोल न्हाई. देवीवर बी न्हाई." येल्होजीनं एकवार चोरदिंडीच्या दिशेला बघितलं. "फकस्त तिथला पहारा बदलू नगा."

धुकं इतकं दाट होतं, की त्याला लोटलं तेव्हा तो पडताना कुणाला दिसलाच नाही. दोन हातांवर होता, आणि नव्हता.

दुपारी हैबतरावानं सुचवलं की सरनोबताच्या हाताखालच्या माणसांचा आता भरवसा काय? शंभर गड्यांची हत्यारं काढून घेऊन त्यांना अंबरखान्यात, गडाच्या धान्यकोठारात, कोंडलं गेलं, आणि चोरदिंडीवर सबनिसाची माणसं बसली. म्हाकोजीनं मान डोलावली. त्या दिवशी कुणी त्याला त्याचंच डोकं मागितलं असतं तरी त्यानं मान डोलावली असती. कुंपणच शेत खाऊ लागलं होतं, आणि धनी डोळे मिटून जप करत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, पण कडजाईची घंटा वाजली नाही. बारा वर्षांत असं झालं नव्हतं. म्हाकोजी लगबगीनं देवळात गेला. गुरवाचा पत्ता नव्हता, समई विझलेली, कालचं निर्माल्य तसंच पडलेलं. देवी पारोशी राहिली म्हणून तो चुकचुकला आणि स्वतःच घागर भरून आणून त्यानं मूर्तीवर पाणी घातलं.

निर्माल्य वाहून गेलं. डाव्या खांद्यावरची पाकळी गेली नाही.

त्यानं दुसरी घागर घातली. सुकून काळपट झालेली, कडा वळलेली ती पाकळी तरीही जागची हलेना. त्यानं बोट लावलं. नख लावलं. पाकळी फाटली आणि नखाखाली चिकट, तांबूस असं काहीतरी आलं. त्यानं ते नाकाशी नेलं. कोकणच्या तोंडाशी वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. फणसाचा चीक. पाखरं धरायला काटक्यांना लावतात तो.

म्हाकोजीनं तो खांदा नखांनी खरवडून, नखं रक्ताळेतो खरवडून स्वच्छ केला. बाहेरून तेरड्याची फुलं आणली. दोन पाकळ्या, नुसतं पाणी, आपल्या हातानं. आणि जो प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला त्यानं काल नकार दिला होता, तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला.

बोट मागं घेतो न घेतो तोच डावी पाकळी पडली.

देवी बोलली होती. काल दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कालही बोलली असती.

सटवाजी गुरव देवळामागच्या खोपटात घोंगडीखाली कुडकुडत सापडला. म्हाकोजीला बघताच त्यानं पाय धरले. "मारा मला, धनी! माझी लेक करंजवाडीत दिली आहे. तिच्या घराभोवती खानाची माणसं बसली आहेत. उजवी पडली नाही तर तिची धडगत नाही, असं सबनिसांनी सांगितलं. मला वाटलं, फार तर कैदेत टाकाल..."

"पुढं काय ठरलंय?"

"आज... धुकं उठायच्या आत... चोरदिंडी उघडणार."

म्हाकोजीनं त्याला उठवलं. "घंटा बडव," तो एवढंच म्हणाला. "हात गळून पडेपर्यंत बडव."

तो अंबरखान्याकडे धावला. कुलूप काढलं. आत येल्होजीची शंभर माणसं बसली होती; रात्रभरात कुणाचा डोळा लागलेला दिसत नव्हता. म्हाकोजीनं आपली तलवार म्यानासकट त्यांच्यापुढं जमिनीवर ठेवली.

"येल्होजी इमानी होता," तो म्हणाला. "मी त्याला मारलं. त्यानं एक पाकळी मागितली, ती मी दिली नाही. हैबतराव या घडीला चोरदिंडी उघडतो आहे. गड राखा. मग मला त्याच कड्यावरून लोटा. मी पळणार नाही."

मग पुढच्या रांगेतला सोनजी नावाचा म्हातारा मावळा उठला. त्यानं ती तलवार उचलली, म्यानातून काढली आणि किल्लेदाराच्या गळ्याकडे बघितलं. ते बघणं म्हाकोजी मरेपर्यंत विसरला नाही.

"चला रं," सोनजी म्हणाला. "धन्यासाठी न्हाई. सरनोबतांच्या पहाऱ्याची जागा हाय ती."

चोरदिंडी उघडली होती. कड्यात खोदलेल्या पायऱ्यांवरून एकामागून एक मोगल वर येत होते. दहा-बारा आतही शिरले होते. शंभर माणसं त्यांच्यावर कोसळली, कुणी हिसकावलेला भाला घेऊन, कुणी अंबरखान्यातलं मुसळ घेऊन, कुणी नुसता धोंडा घेऊन. म्हाकोजी रिकाम्या हातानंच सर्वांत पुढं घुसला. त्याला मरायचं होतं, आणि मरायला निघालेल्या माणसापुढं उभं राहणं अवघड असतं. दिंडी बंद झाली, अडसर बसला, आणि पायऱ्यांवर अडकलेल्यांवर तटावरून दगड सुटले. वर घंटा वाजतच होती.

हैबतराव बुरुजाच्या कोपऱ्यात सापडला. त्यानं हात जोडले नाहीत. कोरड्या आवाजात तो म्हणाला, "पाकळी गुरवानं लावली, म्हाकोजीराव. माणूस तुम्ही लोटलात. मी तर फक्त एक शिडी तुमच्यापुढं आणून ठेवली."

सोनजीनं म्हाकोजीच्या उत्तराची वाट बघितली नाही. त्यानं तलवार चालवली.

त्या सांजेला म्हाकोजी न्हाऊन, कपाळाला भंडारा लावून कड्यावर जाऊन उभा राहिला. येल्होजीची माणसं आली, लांबच थांबली, आणि एकेक करून माघारी गेली. कुणी त्याला हात लावला नाही. तसं मरण त्याला द्यायला कुणी राजी नव्हतं.

पावसानं आणि हगवणीनं जेर झालेला खान दसऱ्याआधी वेढा उठवून गेला. गुरवाची लेक जिवंत होती. बापाच्या तोंडाकडे मात्र तिनं पुन्हा बघितलं नाही. आणि राजधानीहून किल्लेदार म्हाकोजी दिघे यांना, फितुरी मोडून गड राखल्याबद्दल, मानाची वस्त्रं आणि सोन्याचं कडं आलं.

म्हाकोजी ते कडं तबकात घालून येल्होजीच्या घरी घेऊन गेला. येल्होजीची बायको म्हाळूबाई ओसरीवर नाचणी पाखडत होती. ती उठली नाही. त्यानं तबक तिच्यापुढं ठेवलं आणि मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, मी देवीवर भरवसा ठेवला. माणसांनी मला फसवलं."

म्हाळूबाईचं सूप थांबलं.

"देवीवर भरवसा माज्या धन्याचा बी व्हता," ती म्हणाली. "पर त्येला दिसत व्हतं, तिनं काय दिलंय त्ये. बारा वर्सं तुमी वाट इचारत व्हता, भावजी. नि बारा वर्सं ती येकच उत्तर देत व्हती. तुमच्या बाजूला बसवून ठिवलं व्हतं तिनं. त्ये तुमी दरीत टाकलंत. आता पुन्यांदा काय इचारणार तिला?"

तिनं तबक पायानं नाही, हातानंच, अगदी हळू बाजूला सारलं, आणि सूप पुन्हा चालू झालं.

म्हाकोजी त्यानंतर अठरा वर्षं जगला. देवळात तो रोज जाई, पाणी घाली, दिवा लावी. पाकळी मात्र त्यानं पुन्हा लावली नाही. सदरेवर अवघड प्रश्न निघाला, सारे त्याच्या तोंडाकडे बघू लागले, की त्याची मान आपसूक डावीकडे वळे. तिथली बैठक त्यानं कुणाला दिली नव्हती. रिकाम्या लोडाकडे तो थोडा वेळ बघत राही, आणि मग जमेल तसा निवाडा करी.