तेल निवळेपर्यंत

पहिल्या दिवशी तो टँकरमधून उडी मारून उतरला आणि थेट पाइप काढायला लागला.

"थांबा!" मी ओरडले. "इंजिन बंद. मोबाइल बंद. अर्थिंगची वायर लावा. आणि पंधरा मिनिटं कशालाच हात लावायचा नाही."

"पंधरा?" त्यानं मान वळवली. "मॅडम, बाकीच्या पंपावर तर आल्या आल्या रिकामा करून घ्यायलेत."

"मग तिकडंच न्यायचा होता."

तो हसला. आधी डावा गाल, मग उजवा, आणि डोळे सगळ्यात शेवटी. मी मनातल्या मनात नोंद केली. सवयच आहे मला. जिंतूर रोडवरच्या आमच्या पंपावर रोज सकाळी पेट्रोल-डिझेलची घनता मोजून रजिस्टरात लिहायचं काम माझं, आणि माणसंही मी तशीच मोजते. पेट्रोल भरताना मीटर सोडून माझ्याकडं बघणारे हलके. पावती घडी घालून पाकिटात ठेवणारे जड. हा कुठल्या रकान्यात बसेल, ते पहिल्या दिवशी काही कळलं नाही.

"नाव?"

"भुजंग. येलदरीचा. चावत न्हाई, तसं लिहून ठेवा."

डिझेलच्या नोझलवरून सुलाबाई ओरडली, "रेणुका, एक नाव लिवायला किती येळ गं?"

मी त्याला नियम समजावून सांगितला. रस्त्याच्या धक्क्यांनी तेल खवळलेलं असतं, त्यात वीज साचते, पाणी आणि गाळ खालीवर होतो. म्हणून आधी निवळू द्यायचं. एखादी ठिणगी उडाली तर तो, मी आणि सुलाबाई...

"एकदमच जाऊ," तो म्हणाला. "सोबत तर चांगली हाय."

मी घड्याळाकडं पाहिलं. सात मिनिटं झाली होती. इतक्या लवकर?

तो दर चौथ्या दिवशी यायचा, दुपारी तीनच्या सुमारास. डिसेंबरपासून येलदरीच्या धरणाकाठची बोरं कागदात बांधून आणायला लागला. अर्धी सुलाबाईला, अर्धी मला. मोठी बोरं माझ्या पुड्यात असायची. सुलाबाईनं दोनदा मोजून पाहिली आणि तिसऱ्यांदा मोजायचं सोडून दिलं.

"तुमी तर केमिस्ट्री शिकलाव म्हणं," एकदा तो म्हणाला. "मग हे सांगा, माझ्या एका कप्प्यात पेट्रोल, एकात डिझेल. निघतंय एकाच विहिरीतून. मग वास येगळा कसा?"

मी बोरं ओळीनं मांडली. "हे एकेक बोर म्हणजे कार्बन. हातात हात धरून साखळी करतात. भोवती हायड्रोजन. यांना अल्केन म्हणतात. तीन-चारची साखळी म्हणजे घरचा गॅस. सात-आठची पेट्रोलमध्ये. पंधरा-सोळाची डिझेलमध्ये. आणि डांबरातली मोजायला बोरं पुरायची नाहीत. कच्चं तेल तापवलं की हलक्या साखळ्या वर जातात, जड खाली राहतात. मग वेगळ्या करायच्या."

"म्हंजे समदी एकाच घरची."

"एकाच घरची. पण स्वभाव बघा. पेट्रोल लगेच उडून जातं. डिझेल बसून राहतं."

"आन् मी?" त्यानं शेवटचं बोर उचललं. "मी कोन?"

"अजून मोजायचंय," मी म्हणाले. कान मात्र गरम झाले होते.

"आन् तुमी?"

"मी अल्केनच. त्यांचं कुणाशी पटकन जमत नाही. ठिणगी पडल्याशिवाय ते हलतसुद्धा नाहीत."

त्यानं बोर तोंडात टाकलं, आणि बी थुंकायला मात्र पार भिंतीपर्यंत गेला.

जानेवारीतल्या एका थंड दिवशी त्यानं मला टँकरच्या मागं बोलावलं. सायलेन्सरच्या तोंडातून थेंब पडत होते. "इंजिनमदी पानी शिरलं का हो?"

"नाही. तेल जळलं की पाणी होतंच. हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळतो ना. गरम असताना वाफ, थंडीत थेंब."

"एवढं जळून शेवटाला पानी?" तो कितीतरी वेळ त्या थेंबांकडं बघत राहिला.

"पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. हवा कमी पडली तर काजळी. आणि विषारी वायू."

"म्हंजे घुसमटून चालत न्हाई."

"...नाही."

मग आला तो मंगळवार. उसाचे ट्रॅक्टर डिझेलसाठी रस्त्यापर्यंत उभे होते. पंधरावं मिनिट संपत आलं होतं. मी चाव्यांचा जुडगा घेऊन वाकले. जमिनीखालच्या टाक्यांची दोन झाकणं शेजारी शेजारी, रंग वेगळे, पण दोन्हींची कुलपं एकसारखी. नियम असा की मी जे झाकण उघडून देईन, त्यालाच ड्रायव्हरनं पाइप जोडायचा, आणि मी "उघडा" म्हटलं की मगच टँकरचा व्हॉल्व्ह उघडायचा.

"रविवारी घरचे पोरगी बघायला न्यायलेत मला," तो म्हणाला. "सेलूची हाय."

माझा हात कुलपावर थांबला.

"जाऊ का?"

मी कुलूप उघडलं, झाकण उचललं, त्यानं पाइप जोडला. तो माझ्या चेहऱ्याकडं बघत होता आणि मी कुठंच बघत नव्हते.

"उघडा," मी म्हणाले.

पेट्रोलच्या कप्प्याचा व्हॉल्व्ह उघडला. एक... दोन... तीन... आणि मला झाकणाचा रंग दिसला.

"बंद करा! बंद! डिझेलची टाकी आहे ही!"

त्यानं एका हिसक्यात बंद केलं. चार सेकंद झाले असतील, फार तर पाच. तीस-चाळीस लिटर पेट्रोल नऊ हजार लिटर डिझेलमध्ये गेलं होतं.

त्याचा चेहरा उतरला होता. तरी तो हळूच म्हणाला, "डेन्सिटीत न्हाई दिसायचं, मॅडम. येवढ्याशानं काटा हलत न्हाई."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. घनता मोजायचा हायड्रोमीटर गप्प बसला असता आणि रजिस्टरही. हे दोघांनाच ठाऊक होतं. मी सांगितलं तर मालक पहिल्यांदा विचारणार, पाइप कुणी जोडला? टँकरचा ठेकेदार अशा ड्रायव्हरला त्याच दिवशी गाडीवरून उतरवतो.

पण त्या लहान साखळ्या डिझेलमध्ये उडायला बसल्या होत्या. डिझेल सहसा ठिणगीला दाद देत नाही, म्हणून तर शेतकरी कॅन घरात ठेवतात, चुलीच्या खोलीतसुद्धा. यातली वाफ मात्र पेटली असती. कुणाच्या तरी घरात.

"सुलाबाई," मी ओरडले, "डिझेल बंद करा!"

रांगेतून शिव्या आल्या. भुजंगनं माझ्याकडं पाहिलं, आणि मान हलवली. "बरं केलं. फकस्त नाव माझं सांगा. तुमची नोकरी ऱ्हाऊ द्या."

माणिकराव मालक चष्मा कपाळावर ढकलत बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. "कुनाच्या नावावर लिहू?"

"पाइप मी जोडला," भुजंग म्हणाला.

"झाकण मी उघडून दिलं," मी म्हणाले. "चाव्या माझ्याकडं असतात. 'उघडा'ही मीच म्हणाले."

"आरं, एकानं बोला की!" मालकांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "चूक अंगावर घ्यायला रांग लागलेली मी आज पहिल्यांदाच बघायलोय."

टाकीला सील लागलं. चार दिवस डिझेल बंद. कंपनीचे लोक आले, टाकीतलं तेल उपसून नेलं. मला लेखी ताकीद मिळाली. भुजंगला ठेकेदारानं गाडीवरून उतरवलं.

पुढच्या खेपेपासून नागनाथकाका टँकर घेऊन यायला लागले. अर्थिंगची वायर लावायचे आणि पंधरा मिनिटं केबिनमध्ये झोपायचे. पंधरा मिनिटं एवढी लांब असतात, हे मला तेव्हा कळलं. रविवार गेला. आणखी तीन रविवार गेले. त्याचा नंबर रजिस्टरात होता. रोज तेच पान उघडायचे आणि मिटायचे. फोन लावून विचारायचं काय, पोरगी पसंत पडली का?

"विचार ना त्या म्हाताऱ्याला," सुलाबाई म्हणाली.

"कशाला?"

"मग घनता चुकीची लिवायचं तरी बंद कर. काल पेट्रोलची डिझेलला लिवलीस."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी एक मोटरसायकल आत आली. भुजंग. नोझलपाशी न जाता तो हवा भरायच्या मशीनजवळ थांबला. शर्टाच्या खिशातून एक पाकीट डोकावत होतं. त्याच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावलेलं होतं.

मला पुढचं काही दिसेना. पत्रिकाच होती ती.

"मॅडम, एक बोलायचं होतं."

"थांबा." मी हात वर केला. "इंजिन बंद. मोबाइल बंद."

तो बघतच राहिला. मग त्यानं इंजिन बंद केलं, मोबाइल बंद केला आणि बाकावर बसला.

"पंधरा मिनिटं," मी म्हणाले. मला निवळायला हवं होतं. पत्रिका हातात घेऊन "अभिनंदन" म्हणता येण्याइतकं तरी.

सुलाबाईनं येणारी प्रत्येक गाडी पलीकडच्या नोझलला वळवली. आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसलो. पाच मिनिटं. आठ. त्यानं एकदा तोंड उघडलं. मी घड्याळाकडं बोट दाखवलं. अकरा. त्याच्या पायातला बूट नवा होता. लग्नाचा? तेरा. चौदा...

"हं," मी म्हणाले. "उघडा आता."

त्यानं पाकीट उघडून माझ्यासमोर धरलं. दुसऱ्या एका ठेकेदाराचं पत्र होतं. टँकरचालक म्हणून सोमवारपासून. मार्ग: डेपो ते जिंतूर रोड, परभणी.

"हळद?"

"आईनं लावली. नवं काम हाय ना."

"आणि... सेलू?"

"गेलोच न्हाई." तो आता हसत नव्हता. "तुमाला विचारलं होतं, जाऊ का म्हनून. तुमी उत्तर न देता भलतंच झाकण उघडलं. तवाच कळलं मला. पर नोकरीबिगर तोंड कसं दाखवू? रेणुका... माझ्या आईला घिऊन तुमच्या घरी यिऊ का?"

पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली. पलीकडं सुलाबाई नोझल हातात धरून नुसतीच उभी होती आणि गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

"या," मी म्हणाले. "पण सोमवारी टँकर आणाल ना, तेव्हा मी कुलूप उघडताना एक शब्दही बोलायचा नाही."

"आन् त्याच्या आदी?"

"आधी पंधरा मिनिटं आहेतच की."