वैमानिक बाईंचा शनिवार

"माझ्या उजव्या कानाकडे बघा," त्याचा डोळा तपासताना मी म्हणाले.

"बघतोय. छान आहे."

"बघा म्हटलं, कौतुक करा नाही."

रस्त्यानं जाताना डोळ्यात कचरा गेला म्हणून तो आमच्या चष्म्याच्या दुकानात शिरला होता. जनावरांचा डॉक्टर. मनगटावर मांजरानं ओरबाडल्याच्या तीन ताज्या रेघा. कचरा निघाला, पण डोळे लालच... घरी गेल्यावर स्क्रीनसमोर बसतो म्हणाला. अल्गोरिदमिक ट्रेडिंग शिकत होता. शेअर कधी घ्यायचा, कधी विकायचा, याचे नियम आपण लिहायचे आणि व्यवहार प्रोग्रॅमनं करायचे.

"अजून सगळं सरावाचं, खोट्या पैशांनी. छंद म्हणून खरंच धरावं का, ते ठरत नाहीये."

मग तो येतच राहिला. कधी डोळ्यांचे थेंब संपले म्हणून, कधी संपतील म्हणून. मी काचा पुसत असायची, तो काउंटरवर कोपर टेकून बोलत असायचा, आणि दुपार कधी सरायची कळायचंच नाही.

आणि मग त्या बोलण्यात ती आली. शनिवारच्या वर्गात त्याच्या शेजारी बसणारी — वैमानिक. खरीखुरी, विमान उडवणारी!

"तिचा प्रोग्रॅम काय सुंदर आहे! ठरावीक तोटा झाला की आपोआप थांबतो. ती म्हणते..."

ती म्हणते, ती म्हणते! मी हातातल्या फ्रेमचा स्क्रू इतका आवळला की त्याचे आटेच गेले.

"दिसायला कशी आहे?" मी सहज विचारलं. म्हणजे, सहज वाटावं असं.

"उंच," तो म्हणाला.

उंच! मला वरच्या फळीवरची फ्रेम काढायला स्टूल लागतं.

दुकान माझं आणि थोरल्या बहिणीचं. डबा खाताना ताईनं मला पकडलंच. "तीन दिवस त्या ट्रेडिंगला शिव्या घालतेयस. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! खरं काय ते त्याला सांग की."

शुक्रवारी तो आला. "पुढच्या वर्गाला उद्या नावं घेणार आहेत. सहा महिने, दर शनिवारी. डोळ्यांना झेपेल? तुम्ही नको म्हणालात तर सोडतो."

आयती संधी! मी तपासलं. डोळे अगदी स्वच्छ होते.

"नको," मी म्हणाले. "ताण येईल."

"बरं... सोडतो. आवडायला लागलं होतं, म्हणून. दिवसभर मुकी जनावरं बघतो ना... कुठं दुखतंय, सांगत नाहीत. परवा एक कुत्री गेली हातात. माझं काय चुकलं, अजून कळलं नाही. प्रोग्रॅम चुकला तर कुठल्या ओळीत चुकला, ते सापडतं तरी."

तो दाराशी पोचला आणि मला माझीच लाज वाटली.

"थांब!" तोंडात 'तू' कधी आलं, कळलंच नाही. "खोटं बोलले मी. तुझे डोळे ठणठणीत आहेत. घाल नाव."

"मग नको का म्हणालीस?"

"ती... ती वैमानिक."

"तिचं काय?"

"उंच आहे ना!"

त्याच्या ओठांच्या एका कोपऱ्यातून हसू फुटलं. "म्हणजे... जळतेस?"

"हो. पाच आठवडे झाले. आता जा."

तो गेला नाही. काउंटरला वळसा घालून अलीकडे आला. ताईला एकाएकी मागच्या खोलीत काहीतरी शोधायचं आठवलं.

"माझं घर इथून उलट्या दिशेला आहे," तो हळूच म्हणाला. "तरी रोज इकडून जातो. त्याचं कारण वैमानिक नाही."

मी हातातली काच पुसतच राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

नाव घातलं त्यानं. खरे पैसे लावतो, पण बुडाले तरी झोप उडणार नाही एवढेच.

एका शनिवारी वर्ग सुटताना मी मुद्दाम गेले. त्याच्याबरोबर वैमानिक बाई बाहेर आल्या. उंच, देखण्या, आणि वर इतक्या गोड की धड रागही येईना!

"तुम्हीच ना?" त्या हसल्या. "प्रोग्रॅम कमी लिहितो हा, आणि तुमच्याबद्दल जास्त बोलतो."

ऐकून जीव भांड्यात पडला. तरी त्याचा हात मी घट्ट धरला, आणि त्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत सोडला नाही.