दुपारच्या चार गोळ्या

तारापूरच्या अलीकडे पानवेलींच्या वाड्या होत्या. त्यांतल्या एका वाडीत राऊतांची सुलू राहायची. साल सदुसष्ट, सुलूचं वय पंधरा. छातीच्या दुखण्यानं तिची शाळा सुटली होती. तीन महिने इंजेक्शनं झाली, खोकला थांबला, अंग भरलं. आता दीड वर्ष गोळ्या घ्यायच्या होत्या. चार सकाळी, चार दुपारी, चार रात्री. एकेक गोळी पावलीएवढी, आणि घशाखाली उतरली की पोटात ढवळायचं. आता आपण बऱ्या आहोत, मग हे कशाला, असं सुलूला वाटायचं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर माईनं, म्हणजे तिच्या आईनं, हातावर गोळ्या ठेवल्या. "घे, आणि विहिरीवर वाळत घातलेली लुगडी घेऊन ये."

सुलू नुसतंच पाणी प्याली. गोळ्या मुठीत ठेवून निघाली.

भर दुपारीही वेलींच्या आत हिरवा अंधार असायचा. ओल्या मातीचा, शेणखताचा वास. रहाटाचा बैल सोडलेला, त्यामुळं रोजची करकर नव्हती. समुद्राकडचा वाराही पडला होता. सुलूनं विहिरीच्या काठाशी येऊन मूठ उघडली.

"फेकतंस कशाला? दे ना माला..."

रहाटापलीकडे तिच्याच वयाची एक मुलगी बसली होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, गळ्याची हाडं वर आलेली.

"तू कोण?"

"ठमी. जिवल्याची."

जिवल्या म्हणजे वाडीवरचा म्हातारा गडी. सुलूनं गोळ्या दिल्या. ठमीनं त्या गूळ खावा तशा चघळून खाल्ल्या. सुलूला हसूच फुटलं. दुखणं कळल्यापासून एकही मैत्रीण जवळ फिरकली नव्हती. ही तर खेटून बसली.

त्या दिवसापासून सुलूच्या अंगात वारं शिरलं. दुपार कधी होते असं तिला व्हायचं. ठमी तिला पोपटाची ढोली दाखवायची, वेलींमधून पळवायची, माडाच्या बुंध्याआडून भो करायची. आणि दिवसागणिक ठमी भरत होती. गाल वर आले, केसांवर तकाकी आली. हात तेवढे गार राहिले. आधी दुपारच्याच गोळ्या जायच्या, मग सकाळच्या, रात्रीच्याही पदरात बांधून जाऊ लागल्या. लेक खुशीत आहे, औषध लागू पडलं, असं माईला वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात पळता पळता सुलूला खोकला आला. पदर तोंडाशी धरला तो लाल झाला. ठमी ते टक लावून बघत राहिली.

संध्याकाळी अंगात ताप. माई तांदूळ निवडत बसली होती. सुलूनं विचारलं, "माई, जिवल्याच्या ठमीलापण माझंच दुखणं आहे का गं?"

माईचा हात सुपात थांबला. "तिचं नाव तुला कोणी सांगितलं?"

"तीच बोलली."

"सुलू... तू पोटात होतीस तेव्हा गेली ती. खोकून खोकून. जिवल्यानं खांद्यावर घालून डॉक्टरकडे मनोरपर्यंत नेली होती. तेव्हा इथं कुठल्या गोळ्या?"

मग सुलूनं सगळं सांगितलं. माईनं तिला रात्रभर कुशीतून सोडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी माईचा डोळा लागला तशी सुलू गोळ्या घेऊन निघालीच. भीती होती, पण छातीत भीतीहून मोठं काहीतरी धडधडत होतं. न सांगता यायचं बंद करणं तिला पटेना.

ठमी ओंजळ पुढं करून उभी होती. "दे..."

"आज नाय देणार. मला रगत पडलं."

"माला पण पडलं होतं... लय..."

सुलूनं चारही गोळ्या तोंडात टाकल्या. कडू चुरा जिभेवर पसरला. आणि बैल नसताना रहाट फिरू लागला. करकर करत एकेक गाडगं पाण्यात उतरू लागलं. बघता बघता ठमीचे गाल आत गेले, हाडं वर आली.

"मग माझं काय गं...?"

सुलूनं डोळे मिटून गिळलं. "पालघरला दवाखान्यात मिळतात. नाव सांग, देतात. तुझ्या तू आण."

डोळे उघडले तेव्हा रहाट थांबला होता. काठावर कोणी नव्हतं.

आठवड्यानं ताप जरा उतरला, तशी माई तिला घेऊन पालघरला गेली. डॉक्टर खूप रागावले, इंजेक्शनं पुन्हा लिहून दिली. खिडकीशी विश्राम कंपाउंडरनं गोळ्यांची पुडी दिली, आणि पाठोपाठ दुसरी.

"ही कोणाची?" माईनं विचारलं.

"तुमच्या वाडीवरचीच ना ती? गेल्या सोमवारी ऐन बाराला आली. एकटी असली की गोळ्या घ्यायच्या राहून जातात, पुडी सुलूकडेच द्या म्हणाली. तेव्हा मीच सांगितलं, रोज सुलूसमोर बसून गिळायच्या. पूर्ण दीड वर्ष."

त्यानं वही फिरवून दाखवली. ठमी जिवल्या, वय चौदा. पुढं अंगठा.

सुलूनं त्या अंगठ्यावर हळूच बोट टेकवलं. आठवड्यापूर्वीची शाई तिच्या बोटाला लागली.