पाच मोजेपर्यंत

साठ मीटर दोरी. एक खोलीमापक. सलाइनची एकच बाटली, पाचशे मिली. सोळा किलोची मुलगी. खिंडीपलीकडचं तळं, अजून कोणीही न मोजलेलं.

ते मोजायलाच चौघं निघाली होती: मोजणी करणारी आई, तिची सहा वर्षांची चिमणी, सिस्टर आणि वाटाड्या. परवानगीला चार वर्षं लागली होती. चिमणीला ठेवायला मागे घरात कोणी नव्हतं.

पहाटेपासून तिला जुलाब होत होते. साखरमिठाचं पाणी पोटात ठरेना. तुकडीचा नियम ठरलेला: आजाऱ्याचा रक्तदाब घ्यायचा, आकडा बरा तर चालायचं. आकडा बरा होता. वाटाड्याने तिला पाठीवर घेतलं. घळीतली वाट दरडीने बुजलेली निघाली, वळशात दोन तास गेले, अंगावर वारा आला. खिंड दिसली तेव्हा चिमणीचं रडणंही थांबलं होतं.

"झोपली एकदाची," आई म्हणाली. "आता तासाभरात वर."

सिस्टरने तिचा हातमोजा काढला. बोटं गार. कोपरापर्यंत गार! नाडी सुतासारखी, धावणारी. छातीच्या हाडावर अंगठा दाबून धरला. उचलला. पांढरा ठसा. एक. दोन. तीन. चार. पाचाला कुठे रंग आला; दोनाला यायला हवा होता.

"झोपली नाही, ताई. अंगातलं पाणी गेलंय, शॉकमध्ये चाललीय."

"अहो, पण प्रेशर चांगलं होतं ना?"

"पोरांचं प्रेशर सगळ्यात शेवटी पडतं. तोवर बसायचं का?"

शीर सापडेना. दोनदा टोचलं. मग सिस्टरने गुडघ्याखाली, थेट हाडात सुई घातली; तिथूनही सलाइन रक्तात जातं. आईने पाय घट्ट धरला होता. चिमणी ओरडली नाही, त्याचीच आईला धडकी भरली.

एकशे साठ मिली, सिरिंजने ढकलत. थांबायचं. श्वास ऐकायचा. पुन्हा अंगठा. चार. पुन्हा एकशे साठ. तीन. वाटाड्याने आपला कोट तिच्यावर घातला आणि कानाशी सांगितलं, की फुकटचा घोडा दमलाय, आता भाडं पडेल. तिने डोळे उघडले. शू लागली म्हणाली. सिस्टर तेव्हा पहिल्यांदा खाली बसली.

खिंड तासावर होती. आईने वर पाहिलं, खोलीमापक दगडाआड ठेवला आणि उताराला लागली. दिवस मावळायच्या आत दवाखाना गाठला. चिमणी वाचली.

पहिली उलटी तिला आदल्या दिवशी सकाळीच झाली होती. परत पाठवतील म्हणून चिमणीनेच ती दगडांनी झाकली होती.